दोनदा पुरात गेलेले दुकान आणि आटलेली प्रार्थना

कृष्णाकाठचा, सांगली

सर्वांना सलाम. लिहावे की लिहू नये अशा विचारात बरेच दिवस गेले, कारण माझ्यापेक्षा कितीतरी मोठी दुःखे सोसलेली माणसे आपल्या मंडळ्यांमध्ये आहेत आणि एखादे दुकान बुडणे म्हणजे काही जगबुडी नव्हे, हे मलाही कळते. तरीही विचारतो.

मी मूळचा मिरजेचा. आजोबांपासून आमचे घर उपासनेला जाणारे. सांगलीत बाजारपेठेलगत माझे झेरॉक्स आणि स्टेशनरीचे छोटे दुकान होते. आत शिरल्यावर उजव्या भिंतीवर २००५ च्या महापुराची रेघ होती आणि रंगकाम करतानाही ती मी मुद्दाम राखली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी चढू लागले, तेव्हा त्या रेघेच्या हातभर वर फळ्या ठोकून सगळा माल चढवला, शटर ओढले आणि निर्धास्त मनाने घरी गेलो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पूर ओसरल्यावर पहारीने शटर उचकटावे लागले. कागदाची रिमे पाणी पिऊन अशी फुगली होती की कपाटाचे खण ओढून निघेनात, शेवटी कपाटच फोडले. झेरॉक्स मशीनच्या ट्रेमध्ये बोटभर गाळ होता, आणि त्या गाळात कुणा विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेची प्रत स्वच्छ, वाचता येईल अशी चिकटून राहिली होती. ती का कोण जाणे, पण अजून डोळ्यांपुढून जात नाही.

कर्ज काढून पुन्हा उभा राहिलो. पुढच्याच मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि शाळाच बंद झाल्यावर वह्या-पुस्तके घेणार कोण? तेही कसेबसे निभावले. मग २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा दुकानात शिरले. या वेळी माल बराचसा हलवला होता, नुकसान पहिल्याच्या निम्मेही नव्हते, पण माझ्यातलेच काहीतरी मोडले. दुकान सोडले. आता एका कार्यालयात संगणकावर नोंदी करतो आणि पगारातून हप्ते फेडतो.

माझे विचारणे असे आहे. पहिल्या पुरानंतर मी रोज गुडघे टेकून प्रार्थना करीत असे. दुसऱ्या पुरानंतर शब्दच येईनासे झाले, आणि आज इतकी वर्षे लोटली तरी मी उपासनेला जातो, प्रभुभोजन घेतो, पण आत काही हलत नाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी घरी येऊन, चहा घेता घेता सांगितले की माझा विश्वास कमी पडला आणि मी दशमांशात, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्यात, कुचराई केली असावी. त्यांना मी उत्तर दिले नाही, पण ते वाक्य रात्री झोपताना आठवते. संकटातून विश्वास माणसाला बळ देतो असे आपण लहानपणापासून ऐकतो. ते बळ नेमके येते कसे? रोजच्या जगण्यात माणूस त्यासाठी काय करतो? नुसता दिलासा नको आहे, तो पुष्कळ मिळाला. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी सांगावे.

निवृत्त शिक्षिका, सातारा

भाऊ, प्रार्थनेला शब्द येत नाहीत असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. मी तीस-बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. निवृत्तीनंतर वर्षाच्या आतच आमचे हे गेले. पुढचे सात महिने मी उपासनेत ओठ मिटून बसत असे. गीत सुरू झाले की इतरांबरोबर उभी राहायची, पुस्तक उघडून धरायची, पण आवाज फुटत नसे. आणि शेजारी बसणाऱ्या बाई माझ्या वाटचेही गातात की काय असे वाटावे इतक्या मोठ्याने गात, याचा तेव्हा राग येई.

त्या काळात मी पवित्र शास्त्र वाचणे सोडले नाही, पण आवडीची वचने टाळली. आपण घराच्या भिंतीवर लावतो ती वचने दुःखाच्या पहिल्या दिवसांत दगडासारखी लागतात. मी विलापाची स्तोत्रे काढली. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांमध्ये तक्रारीची आणि रडण्याची स्तोत्रे किती आहेत, हे आपण सणासुदीचीच स्तोत्रे म्हणत असल्यामुळे लक्षात येत नाही. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन चरणांतच ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. बेचाळिसावे आणि त्रेचाळिसावे स्तोत्र सलग वाचले, तर आपल्याच खिन्न जिवाला समजावणारे एक पालुपद तीनदा येते; म्हणजे पहिल्यांदा समजावल्याने जीव ऐकत नाही, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक होते. आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याला आशेचे शेपूट जोडलेले नाही. तरीही ते उपासनेच्या पुस्तकात ठेवले आहे. प्रभू येशूने वधस्तंभावर जी आरोळी मारली, तीही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. मग तुमच्या-माझ्या तक्रारीला मंदिरात जागा नाही असे कोण म्हणेल?

आता एक गोष्ट मास्तरकीच्या सवयीने सांगते. बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केल्यानंतरचा आकांत विलापगीतात आहे. त्याचे पाच अध्याय. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात बावीस बावीस कडवी आहेत, कारण हिब्रू वर्णमालेत बावीस अक्षरे आहेत आणि प्रत्येक कडवे क्रमाने पुढच्या अक्षराने सुरू होते. तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला तीन, म्हणजे सहासष्ट ओव्या. ज्याचे शहर जळाले, त्याने आपले रडणे मुळाक्षरांच्या ओळीत बसवले! पहिल्यांदा हे समजले तेव्हा मला ते कृत्रिम वाटले होते. नंतर उमगले की ज्या दुःखाला आदिअंत दिसत नाही, त्याला निदान पहिले आणि शेवटचे अक्षर मिळते. देवाची करुणा रोज सकाळी नवी असते हे आपल्या सर्वांचे पाठ असलेले वचन याच तिसऱ्या अध्यायात, पुस्तकाच्या ऐन मध्यावर आहे, शेवटी नाही. त्यानंतर पुन्हा दोन अध्याय आकांतच आहे.

मी तेच केले. शाळेची एक उरलेली दुरेघी वही घेतली आणि रोज रात्री एका अक्षराची एक ओळ देवाला उद्देशून लिहू लागले. क : कुलूप आता मलाच दोनदा ओढून बघावे लागते. ग : गॅसची टाकी बदलायला ते लागायचे. च : चष्मा खिडकीतच आहे, तो मला उचलवत नाही. ङ आणि ञ ला काहीच सुचेना, तेव्हा कितीतरी दिवसांनी मी एकटीच हसले. ‘ज्ञ’पर्यंत पोहोचायला सव्वा महिना लागला आणि त्या वहीत ‘आमेन’ असा शब्द कुठेही नाही, पण आज मागे वळून पाहते तेव्हा ती माझी प्रार्थनाच होती असे वाटते. तुम्हीही करून पाहा. झ ला झेरॉक्स आहेच.

जाता जाता आमच्या साताऱ्याची एक आठवण. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये इथे राहायला आले आणि ‘देवाचा दरबार’ त्यांनी इथे सुरू केला. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते वारले. हाती घेतलेले ख्रिस्तचरित्राचे काव्य अपुरे राहिले होते. ज्यांनी नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे ताटातूट सोसली, ज्यांचे शाळेत जाणे असे झाले नव्हते, त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पुरे केले. मला त्या कर्तृत्वापेक्षा एवढेच दिसते की जे अर्धे पडले होते तिथूनच त्यांनी धागा उचलला.

हिशेबी माणूस, विश्रामबाग

मी थोडे रोखठोक लिहितो, राग नसावा. मीही ख्रिस्तीच आहे, पण आपल्याकडे प्रत्येक अडचणीवर प्रार्थनेचा लेप लावण्याची जी सवय आहे, ती मला पटत नाही. दुकानाच्या विम्यात पुराचे संरक्षण होते का? कर्जाच्या हप्त्यांची फेररचना करून घेण्यासाठी बँकेत लेखी अर्ज दिला का? पुन्हा धंदा करायचा झाल्यास पूररेषेच्या बाहेर किंवा पहिल्या मजल्यावर गाळा बघता येईल का? नदी आपल्या पात्राशेजारच्या माणसाचा धर्म विचारत नाही. आधी या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत, मनाला उभारी त्यातूनही येते, असा माझा अनुभव आहे.

निवृत्त पाळक, वाई

विश्रामबागचे बंधू म्हणतात त्यात गैर काही नाही, आणि त्याला शास्त्राचा आधारही आहे. यरुशलेमच्या भिंती पडल्याचे कळताच परक्या राजाच्या चाकरीत असलेला नहेम्या बसून रडला, त्याने उपवास केला, प्रार्थना केली. आणि राजाने विचारताच त्याच्याकडे किती दिवस लागतील, लाकूड कोठून मिळेल, कोणती पत्रे हवीत याचा हिशेब तयार होता. यरुशलेमला पोहोचल्यावर रात्री मोजकी माणसे घेऊन त्याने पडक्या भिंतीची पाहणी केली. पुढे काम ५२ दिवसांत झाले, पण त्याआधीचे रडणे आणि मोजणे हे एकाच माणसाने केले होते. तेव्हा रडणाऱ्याने विम्याचे कागद पाहू नयेत किंवा विम्याचे कागद पाहणाऱ्याने रडू नये, असे काही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. प्रथम त्या चहा घेणाऱ्या गृहस्थांचे वाक्य बाजूला काढू, कारण ते काटा होऊन बसले आहे आणि काटा काढल्याखेरीज मलम लावण्यात अर्थ नसतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे दगावली, त्या वेळी ती माणसे इतरांहून अधिक अपराधी होती काय, असा प्रश्न खुद्द येशूने विचारला आणि ‘नाही’ असे उत्तरही स्वतःच दिले. लूकच्या तेराव्या अध्यायात ते आहे. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते चांगले मित्र होते. तोंड उघडून कारणे सांगू लागले आणि शेवटी देवानेच त्यांना चुकीचे ठरवले. चाळीस वर्षे पाळकाचे काम केल्यावर मी हे कबूल करतो की माझ्या हातूनही अशी वाक्ये गेली आहेत, विशेषतः तरुणपणी, जेव्हा प्रत्येक घरातून निघताना काहीतरी शहाणपणाचे बोलून निघावे असे वाटत असे.

तुमच्या बाबतीत मला राहून राहून प्रेषित पौलाची आठवण येते. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो आपल्या हालअपेष्टांची यादी देतो. त्यात तीनदा गलबत फुटल्याचे आहे, आणि एक रात्र व एक दिवस समुद्रात काढल्याचेही आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात जे जहाज फुटते ते या पत्राच्या नंतरचे, म्हणजे चौथे. तीनदा बुडालेला माणूस चौथ्यांदा बुडाला. तेव्हा ‘विश्वास असेल तर पुन्हा पूर येणार नाही’ असे आश्वासन निदान पौलाच्या चरित्रातून निघत नाही.

तो अध्याय सावकाश वाचा, कारण बळ कसे येते याचे उत्तर मला तिथे सापडते. प्रवास धोक्याचा आहे हे पौलाने आधीच सांगितले होते. कोणी ऐकले नाही. वादळात मालही फेकावा लागला आणि जहाजाची अवजारेही. चौदा दिवस कोणाच्या पोटात नीट अन्न नव्हते. त्या अवस्थेत, पहाट होण्याच्या सुमारास, पौल २७६ माणसांना सांगतो की काहीतरी खा. मग स्वतः भाकर घेतो, सर्वांदेखत देवाचे आभार मानतो, मोडतो आणि खाऊ लागतो. बाकीच्यांना धीर आला तो त्याला खाताना पाहून. जहाज वाचले नाहीच. कोणी पोहत गेले, कोणी फळ्यांवर, कोणी जहाजाच्या तुकड्यांवर बसून किनाऱ्याला लागले. किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या माल्टा बेटावर, पाऊस आणि थंडी होती आणि पौल काटक्या गोळा करीत होता. तेवढ्यात हाताला साप डसला, आणि बेटावरच्या लोकांनी लगेच निष्कर्ष काढला की हा कोणी खुनी असला पाहिजे, समुद्रातून वाचला तरी न्याय याला सोडत नाही! चहा घेणारे गृहस्थ तिथेही होते, हे तुमच्या लक्षात आले असेल.

एलीया संदेष्ट्याची कथाही याच जातीची आहे. झुडपाखाली पडून तो मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करीत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो. बोलणे फार नंतर, डोंगरावर गेल्यावर. आणि पुनरुत्थानानंतर येशू किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटवून मासे भाजतो आणि शिष्यांना न्याहारीला बोलावतो. ज्या पेत्राने तशाच कोळशाच्या विस्तवाशी शेकत असताना त्याला तीनदा नाकारले होते, त्याला आधी खायला मिळते आणि मग तीन प्रश्न.

पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील क्रम आपण घोकतो : संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. तिथे आपण ‘धीर’ म्हणतो त्या मूळ ग्रीक शब्दाची घडण ‘खाली टिकून राहणे’ अशी आहे. ओझे उचलून पळणे त्यात नाही. तुम्ही आत काही हलत नसतानाही उपासनेला जाता, हप्ते फेडता, प्रभुभोजनाच्या मेजाजवळ येऊन हात पुढे करता. माझ्या मते त्या शब्दाचा अर्थ तुम्ही आधीच जगत आहात, फक्त तुम्हाला त्याचे नाव कोणी सांगितले नाही.

एक व्यावहारिक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. झोप मोडणे, मन बधिर होणे हे अनेक महिने चालले असेल तर ते डॉक्टरांना सांगा. टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. मिरजेसारख्या गावाच्या माणसाला, जिथे डॉक्टर वानलेस यांच्यासारख्या मिशनरीच्या कामातून रुग्णालय उभे राहिले, औषध आणि प्रार्थना यांचे वैर नाही हे मी वेगळे सांगायला नको.

कृष्णाकाठचा, सांगली

बाई, पाळकसाहेब, विश्रामबागचे बंधू, आपल्या सगळ्यांचे आभार. विमा होता, पण पुराची बाब त्यात धरलेली नव्हती. सही करताना मी वाचले नव्हते, तेवढी चूक माझी. कर्जाची फेररचना झाली आहे. गाळ्याचा विचार मात्र अजून करवत नाही.

वही मी आणली आहे. क ला ‘कागद’ लिहिला आणि तिथेच थांबलो, पण थांबलो ते वीस मिनिटे तिथे बसून.

एक शंका मनात आहे ती लपवत नाही. बाई, लक्ष्मीबाईंसारख्यांची उदाहरणे वाचली की मला उभारी येण्याऐवजी दडपण येते. त्यांनी महाकाव्य पुरे केले. मला महिनाअखेरचा ताळेबंद पुरा करताना धाप लागते. साक्ष देणारे सगळे शेवटी जिंकलेलेच असतात. जे जिंकले नाहीत आणि तरीही टिकले, त्यांच्याविषयी आपण बोलत का नाही?

निवृत्त शिक्षिका, सातारा

बरोबर आहे, माझी चूक झाली. वर्गातही मी हेच करीत असे, शेवटच्या बाकावरच्या मुलाला पहिल्या आलेल्या मुलीची वही दाखवायची. शास्त्रातल्या रूथच्या पुस्तकातील नामीचे नाव घेते. मवाबात नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून ती बेथलेहेमला परत आली, तेव्हा ओळखीच्या बायका तिच्याभोवती जमल्या. मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, असे तिने वेशीतच सांगितले. मारा म्हणजे कडू. त्या बायकांनी वाद घातला असे कोठे लिहिलेले नाही. ती कडू मनानेच घरी आली, सून रूथ तिच्याबरोबर होती, आणि त्या वेळी जवाची कापणी सुरू झाली होती, एवढेच तो अध्याय सांगून थांबतो. कडवट होऊन का होईना, ती आपल्या माणसांत आली. तुम्हीही इथे आलात.

बागवाला, तासगाव तालुका

नमस्कार, सलाम. मी शेतकरी माणूस, लिहायला वेळ लागतो. कृष्णाकाठच्या दादांनी न जिंकलेल्यांविषयी विचारले म्हणून लिहितो, कारण मी त्यांतलाच आहे.

आमची दीड एकर द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी धरली, घड छान सुटले आणि ऐन फुलोऱ्यात अवकाळीने चार दिवस झोडपले. डाऊनी हा बुरशीचा रोग आला. पहाटे बॅटरी घेऊन बागेत गेलो तर पानांच्या मागे पांढरी बुरशी आणि घड तपकिरी होऊन हात लावताच गळत होते. फवारण्यांचे पैसे गेले, मजुरी गेली. पुढच्या वर्षी कसेबसे पीक आले, तर बेदाण्याचा दर पडला. आजही मी कर्जात आहे. साक्ष द्यायला उभे राहावे असे माझ्याकडे काही नाही.

त्या हंगामात आमच्या पाळकांनी हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायाचा शेवट वाचला. अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, जैतुनाने दगा दिला, शेतात धान्य नाही, वाड्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराठायी आनंद करीन. मी उपासना संपल्यावर त्यांना सांगितले की साहेब, पहिला अर्धा भाग मला जमतो, दुसरा जमत नाही. ते म्हणाले, मग सध्या पहिला अर्धाच म्हण, दुसरा आम्ही म्हणतो. तेव्हापासून आमच्या गावातली चार घरे गुरुवारी रात्री एकत्र बसतात. ज्याचे ज्या आठवड्यात बरे चालले असेल त्याने दुसरा अर्धा म्हणायचा, असे आपोआप ठरून गेले आहे. चार वर्षांत प्रत्येकाची पाळी दोन्हीकडे आली. शेवटी चहा होतो आणि कुणाची मोटार जळाली, कुणाला खताला पैसे कमी आहेत, हेही तिथेच निघते. मला दोन हंगामांत औषधांसाठी बिनव्याजी पैसे त्याच बैठकीत मिळाले. बळ कुठून येते असे विचाराल तर मला तरी ते एकट्याने गुडघे टेकून फारसे मिळाले नाही.

आता द्राक्षवेलाविषयी. योहानाच्या पंधराव्या अध्यायात पिता माळी आहे आणि तो फळ देणाऱ्या फांद्या छाटतो, असे आहे. नुकसान झाले की लोक म्हणतात, देवाने तुझी छाटणी केली. मी आयुष्यभर छाटणी केली आहे. छाटणी कात्रीने होते, काडीवरचे डोळे (कोंब फुटायच्या जागा) मोजून होते, प्रत्येक काडीपाशी थांबून होते. अवकाळी पाऊस आणि महापूर डोळे मोजत नाहीत. त्यांना देवाची कात्री म्हणणे मला माळ्याचा अपमान वाटतो.

पण खरड छाटणी मात्र दादांनी एकदा येऊन पाहावी. पीक निघाल्यावर एप्रिलच्या उन्हात आम्ही सगळी बाग ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलाच्या आडव्या जाड फांदीपर्यंत, खरडून काढतो. नवखा माणूस पाहील तर म्हणेल, बाग मेली. त्यानंतर ज्या कोवळ्या काड्या फुटतात, त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, तो साधारण पहिल्या दोन महिन्यांत, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळा फुटतो तेव्हाच कळते की आत घड होता की नुसती बाळी, म्हणजे वेलाचा ताणा. या दिवसांत आम्ही पाणी देतो, शेंडे मारतो, विरळणी करतो आणि थांबतो. डोळा चिरून आत घड आहे का हे प्रयोगशाळेत बघता येते, पण तो डोळा मग गेला. तुम्ही आत काही हलत नाही असे लिहिले तेव्हा मला मे महिन्याची बाग आठवली, एवढेच. ती दर वर्षी फळते असे मी म्हणत नाही, कारण ते खोटे ठरेल.

कृष्णाकाठचा, सांगली

दादा, तुमचे लिहिणे मी दोनदा वाचले आणि बायकोलाही वाचून दाखवले. ती म्हणाली की पहिला अर्धा भाग आपल्या घरात मोठ्याने म्हटलाच गेला नाही, दोघेही एकमेकांसमोर दुसरा अर्धा म्हणण्याचे सोंग करीत होतो. त्यावर मला उत्तर सुचले नाही.

गुरुवारी मला कार्यालयातून सुटायला सात वाजतात, त्यामुळे तुमच्याकडे पोहोचणे दर आठवड्याला जमणार नाही; मिरजेतच दोन घरांना विचारून पाहतो. खरड छाटणी बघायला मात्र नक्की येतो. ईस्टरनंतरच्या रविवारी, उपासना झाल्यावर तासगावची एसटी धरली तर चालेल का? उन्हात उभे राहायचे आहे हे माहीत आहे, टोपी घेऊन येतो.

बागवाला, तासगाव तालुका

चालेल. स्टँडवर उतरलात की फोन करा, मोटारसायकल पाठवतो. वहिनींनाही आणा, जेवण आमच्याकडेच आहे.